मुंबई शाखेचे पाच तारे

सुहास तांबे मुंबई सोडून कायमचा घरी आला, ही बातमी त्याने स्वतः अख्ख्या वाडीला सांगितली, आणि ती पूर्ण खरी नाही हे एकट्या प्रेमलाला माहीत होतं. प्रेमला त्याची बायको. नवऱ्याने आणलेल्या बॅगा तिनेच उपसल्या होत्या. टॉवेल आला, स्टीलचा डबा आला, दाढीचं सामान आलं, एवढंच काय, बूट नसलेली बुटाची पॉलिशसुद्धा आली. निळ्या रेघांचा सदरा मात्र आला नाही.

तो कुठे राहिला हे विचारायची गरज नव्हती. भायखळ्याला गावाची एक खोली आहे. वाडीतला जो कोणी नोकरीसाठी मुंबईला जाईल त्याने तिथे पथारी टाकायची, ही आजोबांच्या काळापासूनची रीत. खोली एवढी ऐसपैस, की रात्री एकाने कूस बदलली तर सगळ्यांना बदलावी लागते. तिथे माणसाच्या हक्काची वस्तू एकच असते, भिंतीतला खिळा. ज्याचा खिळा त्याची जागा. खिळ्यावर सदरा लटकत असला म्हणजे माणूस परत येणार आहे असं समजायचं, मग तो गावाला गेलेला असो नाहीतर इस्पितळात. आणि सुहासचा सदरा तिथेच लटकत होता. मुंबईहून भिकूदादाचा फोन आला की तो हमखास म्हणायचा, "सुहासचा सदरा हाय हां जाग्यावर. झटकून ठेवलाय."

लग्न झाल्यापासून प्रेमलाच्या संसारात नवरा आणि फणस एकदमच यायचे, मे महिन्यात, आणि त्यातला फणस जरा जास्त दिवस टिकायचा. बाकीचं वर्ष ती सासू, शेत, म्हैस आणि फोन यांच्याशी संसार करायची. आता सासू गेली, म्हैस विकली, आणि नवरा नावाचा हा माणूस पहिल्यांदाच पावसाळ्यात आणि हिवाळ्यात कसा दिसतो ते तिला बघायला मिळत होतं. तो झोपेत हुंदका दिल्यासारखा घोरायचा. तांदूळ निवडताना गाणं म्हणायचा आणि खडे तसेच ठेवायचा. आमटीत मीठ किती यावर त्याचं स्वतःचं मत होतं, ज्याची प्रेमलाला आजवर कल्पनाच नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिला तो आवडायला लागला होता. इतक्या वर्षांनी स्वतःचाच नवरा आवडायला लागला, ही गोष्ट बाई माणसाने सांगायची तरी कोणाला?

दोघांनी मिळून रत्नागिरीत, मांडवीला, समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत एक गाळा भाड्याने घेतला. पुढच्या खोलीत टेबलं, मागच्या खोलीत बिऱ्हाड. पाटी लावली, 'तांबे खानावळ'. चूल पेटवण्याच्या आधी सुहासने भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब एकत्र असलेली फ्रेम लावली, मेणबत्ती लावली, मग बौद्धांत पूजेचा नारळ फोडायचा नसतो हे माहीत असूनही शेजाऱ्याने दिलेला नारळ फोडून त्याची सोलकढी केली. सकाळी मिरकरवाड्याला जाऊन प्रेमला मासळी आणायची. तिच्याशी घासाघीस करण्यापेक्षा नुकसान परवडतं, असं तिथल्या कोळणींचं मत होतं. जेवण चोख. गिऱ्हाईक मात्र गल्लीच्या तोंडाशी येऊन उजवीकडे वळायचं, कारण उजवीकडे मोठा झगझगीत बोर्ड होता आणि डावीकडे एक वाळत घातलेली गोधडी.

"दिवाळीपर्यंत बघू," सुहास म्हणायचा.

"मंग?"

"मंग बघू."

त्या दुसऱ्या 'बघू'मध्ये निळ्या रेघांचा सदरा आहे, हे प्रेमलाला स्वच्छ कळत होतं.

अशात एक दिवस गौरव जेवायला आला. गौरव म्हणजे पुण्याला कसलासा कोर्स करून रत्नागिरीत परतलेला, लोकांच्या धंद्याची जाहिरात मोबाईलवर करून देणारा तरणा माणूस. बांगड्याचं शेवटचं हाड चोखून झाल्यावर त्याने खानावळभर नजर फिरवली. टेबलांवर माश्यांशिवाय कोणी नव्हतं.

"काकू, जेवण कमाल आहे. पण तुमचं ऑनलाइन अस्तित्वच नाही."

"मंग ह्या भाकऱ्या कोन भाजतंय?"

"तसं नाही. लोक आता नकाशात बघून जेवायला येतात. नकाशात तुम्ही नाहीच."

प्रेमलाला हे पटेना. समुद्र दिसतो तिथून वळलं की खानावळ दिसते, यात नकाशाचा काय संबंध? पण सुहासचे डोळे चमकले. महिनाभर दोन वेळचं जेवण या बोलीवर गौरवने काम हातात घेतलं, आणि पहिल्याच दिवशी पाटीकडे बघून खूश झाला.

"नाव मस्त आहे काका. तांबे!"

त्याच्या खुशीचं कारण रत्नागिरीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. इकडे तांबे दोन्हीकडे आहेत. चित्पावनांत आहेत, आणि सुहाससारखे बौद्धांतही आहेत. पाटी वाचणारा आपल्या सोयीने काय ते धरून चालतो.

"लोक काय समजायचं ते समजतील," गौरव म्हणाला. "आपण खोटं कुठे बोलतोय? फक्त सगळंच सांगत बसायचं नाही. त्या भिंतीवरचा फोटो तेवढा... म्हणजे माझं काहीच नाही हां काका. पण टूरिस्टसाठी न्यूट्रल ठेवू."

हे तो वाईट मनाने बोलला नाही. ताटावरची माशी वारावी तसं सहज बोलला. प्रेमलाने हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. आता हा गौरवची गचांडी धरणार, अशी तिची खात्री होती. सुहासने स्टूल ओढलं, स्वतः वर चढला, फ्रेम दोन्ही हातांनी उतरवली आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवली. भाकरी तव्यावर करपली.

त्या खिळ्यावर गौरवने एक जाळं टांगलं. जाळं म्हणजे पांढरंशुभ्र, त्यात प्लॅस्टिकचे शिंपले आणि एक गुलाबी तारामासा, कुठल्याशा लांबच्या गावाहून कुरिअरने मागवलेलं. इथून हाकेच्या अंतरावर मिरकरवाड्याला खऱ्या जाळ्यांचे ढीग पडलेत, पण त्यांना म्हणे वास येतो.

प्रेमला संतापली. पुढचे कितीतरी दिवस तिने नवऱ्याशी बोलणं फक्त मासळीच्या भावापुरतं ठेवलं. मागच्या खोलीत पिंपाशेजारी ठेवलेली फ्रेम ती रोज पुसायची आणि पुसताना भांडी जरा जास्तच आपटायची. पण 'काढू नका' असं तीही म्हणाली नव्हती, आणि हे तिला स्वतःपासून लपवता येत नव्हतं. तोंडाशी आलेले शब्द तिने, धंदा चालून सदरा परत यावा म्हणून, गिळले होते.

गौरवचं काम मात्र खोटं नव्हतं. नकाशात खानावळ उगवली. फोटोत प्रेमलाची कोलंबी अशी काही दिसत होती, की तिलाच ती खावीशी वाटली. हळूहळू गाड्या गोधडीकडे वळायला लागल्या. वेळ मात्र गौरवने सकाळ ते रात्र अशी सलग टाकली होती, आणि दुपारची झोप हा प्रेमलाचा धर्म होता. दुपारी दार ठोठावणाऱ्या पनवेलच्या कुटुंबाला तिने खिडकीतूनच विचारलं, "तुमच्यात कोन झोपत नाय काय?" त्यांनी दोन तारे दिले. मग तिने सुहासला समोर बसवून प्रत्येक शेऱ्याला उत्तर सांगायला सुरुवात केली. सुहास टाइप करायचा आणि गौरव दिसला की फोन लपवायचा.

कोणी लिहिलं, 'तिखट फार.' उत्तर गेलं, 'रस्सा तुम्ही तीनदा मागून घेतलात. मी मोजत नव्हते, बायको मोजत होती तुमची.'

कोणी लिहिलं, 'जागा लहान आहे.' उत्तर गेलं, 'जेवायला आलात की लग्नाला?'

गौरवने कपाळावर हात मारला. पण लोक ती उत्तरं वाचायला यायचे, आणि वाचता वाचता त्यांना भूक लागायची.

एक दिवस पुण्याचे एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. आधी त्यांनी मोदक आहेत का विचारलं. बांगडे आहेत म्हटल्यावर बांगडे खाल्ले, बोटं चाटून खाल्ले. मग हात पुसता पुसता प्रेमाने म्हणाले, "आमच्या ऑफिसात एक तांबे होते. चित्पावन. त्यांच्यातलेच का तुम्ही?"

प्रेमला आत भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"असतील," सुहास म्हणाला. "लांबून."

आणि हसला. ते हसू प्रेमलाने आजवर ऐकलं नव्हतं. साहेबाच्या विनोदाला हसतात तसलं, दातांच्या पुढच्या पुढे फुटणारं. मुंबईच्या बॅगेतून हेही आलं असणार, आणि आपण बॅग उपसताना ते नजरेतून सुटलं, असं तिला वाटलं. तिला त्याची लाज वाटली आणि त्याहून जास्त कीव आली, आणि कीव आल्याचा पुन्हा राग आला.

एवढं करून तारे साडेतीनच्या वर चढेनात. दिवाळी जवळ येत होती. गौरव म्हणाला, "शेरे पाहिजेत काकू. भरपूर. आणि पाच तारेवाले. तेवढं झालं की सुट्टीत जागा पुरणार नाही." प्रेमलाने हे लक्षात ठेवलं आणि सुहास बाजारात गेल्यावर भिकूदादाला फोन लावला.

भिकूदादा हा सुहासचा चुलतभाऊ, भायखळ्याच्या खोलीतला सगळ्यात जुना खिळेवाला आणि वाडीच्या मंडळाच्या मुंबई शाखेचा अध्यक्ष. मंडळाला दोन शाखा, ग्रामीण आणि मुंबई, आणि दोन्ही शाखांत ठरावाशिवाय पान हलत नाही. लग्न असो, मयत असो, कोणाचा पोरगा दहावी पास होवो, आधी सूचक, मग अनुमोदक, मग टाळ्या. प्रेमलाने फक्त एवढंच म्हटलं होतं, "दादा, चार मानसांना सांगा, जरा चांगलं लिवा म्हनावं."

चार माणसांना सांगणं हे मुंबई शाखेच्या घटनेत बसत नव्हतं. रविवारच्या सभेत रीतसर ठराव आला. 'आपल्या वाडीचे श्री. सुहास यांच्या खानावळीस प्रत्येक सभासदाने पाच तारे द्यावेत, कसूर करणाऱ्यास दंड.' ठराव एकमताने पास झाला आणि हॉलमधल्या झाडून सगळ्यांनी जागच्या जागी मोबाईल काढले. म्हाताऱ्यांचे तारे तरण्यांनी दाबून दिले.

त्यांनी मनापासून लिहिलं, आणि जसं लिहायची सवय होती तसंच लिहिलं.

'जय भीम. सदर खानावळीचे मालक आमच्या वाडीचे सुपुत्र असून शांत, संयमी व मनमिळाऊ आहेत.'

'जय भीम, नमो बुद्धाय. खानावळीस मंगल कामना. जेवण चांगले असावे.'

'सुहासच्या आईच्या हातचे बोंबील मी लहानपणी खाल्लेले आहेत. त्यावरून पाच तारे.'

केरूआप्पांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या नातवाने ग्रुपवरचा एक तयार मजकूर उचलून चिकटवला. 'या दुःखद प्रसंगी आम्ही सर्व तांबे कुटुंबाच्या पाठीशी आहोत.' त्यालाही पाच तारे.

आणि दंडाची पर्वा न करणारा एक निघालाच. 'एक तारा. सुहासच्या वडिलांनी आमच्या शेताचा बांध कोरलेला आहे. बांध सरळ झाल्यावर उरलेले चार देण्यात येतील.' त्याच्याखाली दुसऱ्याने लिहिलं, 'बांध कोणी कोरला ते मोजणीला कळेल,' आणि बघता बघता खानावळीच्या पानावर वाडीची अख्खी सभा भरली.

प्रेमलाने दिवसभर ते सगळं वाचलं. हसली, बांधावरून चिडली, आणि बोंबलांपाशी येऊन तिचे डोळे भरले, कारण सासूच्या हातचे बोंबील तिलाही आठवले. दुसऱ्या दिवशी नकाशातून खानावळ नाहीशी झाली.

गौरव धापा टाकत आला. "एका वेळी, एका हॉलमधून, रत्नागिरीत पाऊल न टाकलेली एवढी माणसं! नकाशावाल्यांच्या मशीनला वाटलं टोळी आहे. पानच बंद केलं त्यांनी. कोणी केलं हे?"

प्रेमला मासे साफ करत होती. तिने पुढचा मासा ओढला.

"आणि काका," गौरव आवाज खाली आणत म्हणाला, "पहिल्याच शब्दाला सगळ्यांनी... म्हणजे आपण इतकं जपलं होतं."

"काय जपलं व्हतं?" प्रेमलाने विचारलं. तिच्या हातात कोयता होता, हा केवळ योगायोग. गौरव आज काय आहे जेवायला, असं विचारून खाली बसला.

तो गेल्यावर सुहास गल्ल्यापाशी जाऊन बसला. मग फोन हातात घेऊन म्हणाला, "दादाला लावतंय. दिवाळीनंतर येतंय म्हनून सांगतंय. सदरा हाय तिथं."

हा क्षण येणार हे प्रेमलाला कधीपासून माहीत होतं. ती उठली आणि त्याच्या हातातला फोन काढून घेतला. तिच्या हाताला खवले लागले होते, ते फोनला चिकटले.

"मीच सांगितलेलं दादांना. मीच घात केला. शिव्या घालायच्या तर घाला, पन जाऊ नका."

सुहासने फोनसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

"मना तुमी परत जायला नको. किती येळा सांगू?"

"किती येळा म्हंजे? तू एकदा पन बोल्लीस नायस."

"कवा बोलनार? मे म्हयन्यात येयाचाव. मी बोलायची तयारी करीसतवर तुमची गाडी सुटायची."

सुहासला हसू आलं, पण ते बॅगेतलं नव्हतं. मग प्रेमलाला धीर आला आणि साठलेलं दुसरंही बाहेर पडलं. "आनि ते लांबून कोन हो? लांबून नातेवाईक म्हनं! आजवर कवा आलेले ते आपल्या म्हातारीच्या मयताला?"

सुहासचा चेहरा उतरला. "फोटो काढला तवा वाटलं, चार टेबलं भरली तर सदरा मागवून घेईन. परत जायला लागू नये म्हनून काढला गो मी तो." थोडं थांबून तो म्हणाला, "रोज मागच्या खोलीत जाताना बघतंय मी त्याच्याकडं. पिंपाआड ठेवलास तू."

"मी नाय, तुमी ठेवलाव."

म्हणजे गंमत बघा, दोघांनीही केलं ते एकाच सदऱ्यापायी, आणि दोघंही एकमेकांना न सांगता. एका खोलीत झोपणाऱ्या माणसांना हे कसं जमतं, असं विचारू नये. लग्न झालेल्यांना माहीत आहे.

गौरवने नकाशावाल्यांकडे अर्ज केला. उत्तर आलं, की खानावळ खरी आहे याचा व्हिडिओ पाठवा. रस्त्यापासून सुरू करायचं, पाटी दाखवायची, आत यायचं, चूल दाखवायची, आणि मालकाशिवाय दुसऱ्या कोणाला करता येणार नाही असं काहीतरी करून दाखवायचं. सगळं एका दमात. मध्ये थांबायचं नाही, कापायचं नाही, जोडायचं नाही.

"शेवटी गल्ला उघडा काका," गौरव म्हणाला. "गल्ला मालकच उघडतो."

सकाळी, मासळी येऊन पडल्यावर, सुहास फोन छातीशी धरून रस्त्यावर उभा राहिला. अंगावर इस्त्रीचा शर्ट, आवाज स्टेशनवरच्या घोषणेसारखा. "हा मांडवीचा रस्ता. हा समुद्र. ही शेजारच्यांची गोधडी." गल्लीतलं कुत्रं त्याच्यासोबत चालू लागलं. "ही पाटी. हे दार. आत या." आत प्रेमला चुलीपाशी होती. कॅमेऱ्याकडे बघू नका असं गौरवने तिला बजावलं होतं, त्यामुळे ती एकटक कॅमेऱ्याकडेच बघत होती. "ही प्रेमला. मी नुसता ताटं उचलतंय, खानावळ हिची."

गौरव दारातून हाताने खुणावत होता, गल्ला, गल्ला. गल्ला म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. समुद्राच्या हवेने त्याचं झाकण असं गंजलं होतं, की एरवी प्रेमला ते चमच्याने उचकटायची. सुहासने एका हाताने ओढलं, गुडघ्यात धरून ओढलं. झाकण हललं नाही. व्हिडिओ चालूच होता. कुत्रं आत आलं. गौरवने डोळे मिटून घेतले.

सुहासने डबा खाली ठेवला. फोन प्रेमलाच्या हातात दिला, "धर, बंद करू नको," म्हणाला आणि मागच्या खोलीत गेला. परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत फ्रेम होती. त्याने पायाने स्टूल ओढलं. ते पांढरं जाळं खिळ्यावरून काढलं, शिंपल्यांसकट खाली सोडलं, आणि कुत्र्याने गुलाबी तारामासा तोंडात धरून बाहेर धूम ठोकली. मग सुहासने शर्टाच्या बाहीने काच पुसली, फ्रेम खिळ्यावर लावली, जरा डावीकडे केली, जरा उजवीकडे, आणि स्टुलावरूनच कॅमेऱ्याकडे वळला.

"गल्ला चोर पन उघडतो," तो म्हणाला. "हा खिळा माजा. ह्याच्यावर काय लावायचं ते मी ठरवनार. म्हंजे मालक मी. जय भीम."

प्रेमला हातातला फोन विसरून फ्रेमकडेच बघत होती, त्यामुळे व्हिडिओत पुढे बराच वेळ नुसता पंखा दिसतो. पण आवाज स्वच्छ आहे.

"काका, हे कापता येणार नाही," गौरव म्हणाला.

"नकोच कापू."

गौरवने फ्रेमकडे बघितलं, सुहासकडे बघितलं, आणि खाली पडलेलं जाळं गोळा करून पाठवायचं बटण दाबलं.

काही दिवसांनी खानावळ नकाशात परत आली. जुने शेरे मात्र सगळे पुसले गेले होते, खोटे आणि खरे, बांधासकट. तारे शून्य. दिवाळीची सुट्टी लागली तशी गिऱ्हाइकं येऊ लागली. एक-दोन कुटुंबांनी दारातून भिंतीकडे पाहिलं आणि 'नंतर येतो' म्हणून गेली. प्रेमलाला ते लागलं. नाही लागलं असं म्हणणारी बाई ती नव्हे. बाकीचे बसले, जेवले आणि भाताला पुन्हा रस्सा मागू लागले. ते पुण्याचे गृहस्थही आले. भिंतीकडे बघून क्षणभर घुटमळले, मग बसले आणि बांगडे मागवले. कुठले तांबे हे त्यांनी या खेपेला विचारलं नाही. टेबलं भरत होती, पण रोज नाही. सुहास 'दिवाळीपर्यंत' म्हणाला होता आणि दिवाळी आली होती, आणि त्या दुसऱ्या 'बघू'चा विषय त्याने काढला नाही. प्रेमलानेही विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत भिकूदादा आला. एकटा नव्हे, मुंबई शाखेचे कार्यकारिणी सदस्य बरोबर घेऊन आला. जेवल्याशिवाय दिलेले तारे चालत नाहीत हे कळल्यापासून शाखेला अपमान वाटत होता. सगळे तपासणीला आल्यासारखे बसले. भिकूदादा सावकाश जेवला. सुरमई संपवली, भाकरी संपवली, भात दोनदा घेतला, सोलकढीची वाटी पालथी केली. मग हात धुऊन चष्मा लावला आणि एका बोटाने, प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत, लिहिलं.

'जय भीम. प्रत्यक्ष जेवून लिहीत आहे. सुरमई उत्तम. भाकरी उत्तम. सोलकढीत मीठ कमी असल्याने एक तारा राखून ठेवण्यात येत आहे. चार तारे.'

"दादा," प्रेमला उसळली, "मीठ बरोबर व्हतं."

"व्हतं गो. पन पाच दिले तर ती मशीन परत टोळी समजंल." मग त्याने पायाशी ठेवलेली पिशवी उचलली आणि सुहासपुढे ठेवली. "हा घे."

सुहासने पिशवीत हात घातला. निळ्या रेघांचा सदरा होता. घडी केलेला, धुतलेला. मानेशी, खिळ्याने धरला होता तिथे, गंजाचा डाग होता.

"खिळा दीपकला दिला," भिकूदादा म्हणाला. "पोराला नोकरी लागली. जागा पायजेल ना त्याला. ठराव झाला."

सुहासचा चेहरा पांढरा पडला. पायाखालची पायरी कोणी काढून घ्यावी तसा तो उभा होता. "मना न इचारता? माजा खिळा, आनि मना इचारलाव नाय? सूचक कोन व्हतं?"

भिकूदादाने चष्मा काढला, पुसला, आणि चुलीकडे बघितलं.

"सूचक ग्रामीण शाखेच्या. फोनवरून. आमी नुसतं अनुमोदन दिलं."

सुहास वळला. प्रेमला पाठमोरी उभी होती. रश्शाचं पातेलं चुलीवर खदखदत होतं, आणि ते उतरवायला हाताशी फडकं नव्हतं. ती पुढे आली, नवऱ्याच्या हातातून सदरा घेतला, शिवणीपाशी दातांनी धरला आणि उभा टरकन फाडला.

"अगो! चांगला व्हता तो!"

"म्हनून तर," प्रेमला म्हणाली. "शिव्या रात्री घाला. आता मानसं जेवतायत."

तिने अजून एक पट्टी फाडली. कार्यकारिणी सदस्य ताटातल्या काट्यांकडे बारकाईने बघू लागले. सुहास भिंतीकडे बघत उभा राहिला, फाटक्या सदऱ्याकडे बघत उभा राहिला. मग पुढे झाला, तिच्या हातातल्या दोन पट्ट्या घेतल्या, दुमडल्या, त्यांनी पातेलं कानांशी धरून चुलीवरून उतरवलं, आणि कोणाला रस्सा पाहिजे ते विचारत टेबलांकडे निघाला.